कात्री पाठव

अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला मुलीच्या घरामागे एक तळं होतं. संध्याकाळी ऊन उतरलं की तळ्याभोवतीच्या पायवाटेवर आमच्यासारखी मंडळी बाहेर पडत. कुणी सुनेच्या बाळंतपणाला आलेलं, कुणी नातवंडं सांभाळायला. साडीखाली पांढरे बूट, पुढे बाबागाडी. सहा-सहा महिन्यांसाठी आलेली ही माणसं एकमेकांना भेटली की गुडघे, बीपी आणि परतीचं तिकीट यांच्या पलीकडे बोलणं जात नसे. मीही त्यांच्यातलीच एक. नातू दीड वर्षाचा होता. मुलगी आणि जावई दोघंही इंजिनियर, सकाळी लवकर निघायचे ते अंधार पडता पडता यायचे. निघताना मुलगी रोज म्हणायची, की आई, तू इथे आराम करायला आलीयेस. आणि मग कुकरला काय लावायचं ते सांगून जायची.

आराम मला कधी जमला नाही. नागपुरात मुलींच्या शाळेत मी पीटी शिकवत असे. त्याआधी स्वतः धावत होते. आमच्या वस्तीतून हाफ पँट घालून मैदानावर जाणारी मी पहिली मुलगी. शेजारच्या बायका वडिलांकडे येऊन सांगायच्या की पोरीला आवरा, लोक बघतात. वडील गिरणीत कामाला होते, बोलायचे कमी. त्या बायका उभ्या असतानाच ते मला म्हणायचे, "उशीर होतोय तुला. नीघ." त्यांचं मला आठवतं ते एवढंच भाषण. पण त्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य निघालं.

शुगर लँडच्या कॉलनीत पोहण्याचा तलाव होता. भारतातून आलेल्या आज्या त्याच्या काठावर बसून नातवंडांवर लक्ष ठेवत. मी दुसऱ्याच आठवड्यात जावयाला सांगून पोहण्याचा पोशाख मागवला, खाली लेगिंग घातली आणि पाण्यात उतरले. दोन दिवस चर्चा झाली. मग थांबली.

२००६ चा सप्टेंबर संपत आला होता. एका रविवारी क्रिकेट खेळताना जावई पडला आणि त्याचं मनगट मोडलं. ऑक्टोबरात त्यांचं युटा राज्यात जायचं आधीपासून ठरलेलं होतं. चौघांचा ग्रुप होता. मुलगी, जावई, मुलीच्या ऑफिसातला एक पुण्याचा मुलगा आणि त्यांची लीडर. तिकडे वाळवंटात लाल खडकाच्या चिंचोळ्या घळी आहेत, पाण्याने कापून काढलेल्या. वरच्या तोंडाने आत शिरायचं, कडा लागला की दोर लावून उतरायचं, डबकं लागलं की पोहून पार करायचं आणि खालच्या तोंडाने बाहेर पडायचं. शनिवारी सकाळी आत गेलं की संध्याकाळपर्यंत बाहेर. मागच्या वर्षीचे फोटो मी मुलीच्या कॉम्प्युटरवर कितीतरी वेळा पाहिले होते. एका फोटोत दोन्ही बाजूंना लाल भिंती, मध्ये हातभर फट आणि त्या फटीत माझी मुलगी आडवी होऊन सरकतेय. शाळेत असताना ती पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून बसून राहायची. तो फोटो पाहून मला तिचा अभिमान वाटला होता आणि थोडा हेवाही.

जेवताना जावई म्हणाला, आता एक जागा रिकामी राहणार. मी म्हटलं, "मी जाते."

मुलीला वाटलं, त्यांना विमानतळावर सोडायला मी बरोबर जाते म्हणतेय. नातवाला कोण बघेल, असं काहीतरी ती बोलायला लागली. मग तिच्या लक्षात आलं.

"आई, प्लीज. हे ट्रेकिंग नाहीये. एकदा रोप पुल केला की मागे येता येत नाही."

"मग पुढे येईन."

त्यानंतर बरंच काही झालं. माझ्या डाव्या गुडघ्याचा विषय निघाला, बीपीच्या गोळ्या निघाल्या, व्हिजिटर इन्शुरन्समध्ये असलं काही कव्हर होत नाही हे निघालं. जावई मान खाली घालून डाव्या हाताने वरण कालवत होता. माझा नवरा नातवाला भात भरवत होता. तो म्हणाला, "काहून अडवतेस तिला? जाऊ दे ना. पोराजवळ मी आहे." मुलगी त्याला म्हणाली की बाबा, तुम्ही मध्ये पडू नका. तो पुन्हा भात भरवायला लागला. मी म्हटलं की न्यायचं की नाही हे तुमच्या लीडरने ठरवू दे, तिला विचारा. मुलगी लगेच तयार झाली. लीडर नाहीच म्हणेल याची तिला खात्री होती.

लीडर म्हणजे मुलीच्या ऑफिसातली एक भूगर्भशास्त्रज्ञ बाई. मी तिला लीडरबाई म्हणायचे. माझ्याहून चारच वर्षांनी लहान. पिकलेले, मुलासारखे कापलेले केस आणि उन्हाने रापलेले हात. मुलगी तिच्याबद्दल नेहमी कौतुकाने बोलायची, या वयात किती फिट आहे बघ म्हणून. तिला तीन नातवंडं आहेत हे मला कळलं ते तिच्याचकडून, भेटल्यावर. ऑफिसात तिला कुणी आजी म्हणत नव्हतं.

तिने मला ह्यूस्टनमधल्या एका जिममध्ये बोलावलं, जिथे आत भिंती चढायची सोय असते. दोन शनिवार तिने मला घाम गाळायला लावला. कमरेला नि मांड्यांना बांधायचा पट्टा, हार्नेस, कसा आवळायचा, दोर आठच्या आकड्यासारख्या धातूच्या कडीतून कसा ओवायचा, उतरताना खालचा हात का सोडायचा नाही, सगळं. मग खाली उभ्या असलेल्या माणसाने दोर ताणून धरला की वरचा माणूस जिथल्या तिथे थांबतो, हे तिने करून दाखवलं. मला वर लटकवलं, खालून दोर ताणला आणि दोन्ही हात सोडायला लावले. मी सोडले. तिने विचारलं, कुठे दुखतं. मी म्हटलं, डाव्या गुडघ्यात, उतरताना. ती म्हणाली, दुखणारच, लपवू नकोस एवढंच. माझ्या वेणीकडे पाहून ती म्हणाली की केस पूर्ण आत, एक बटसुद्धा बाहेर नको. आणि घळीच्या आत माझा शब्द शेवटचा असेल. मी म्हटलं, मैदानावर तसंच असायला हवं.

मुलगी पाणी पीत बाजूला उभी होती. लीडरबाई मला नेणार हे तिला कळलं होतं.

शुक्रवारी दुपारी आम्ही लास व्हेगासला उतरलो आणि तिथून भाड्याच्या गाडीने एका छोट्या गावातल्या मोटेलवर जाऊन झोपलो. सकाळी कच्च्या रस्त्याने बराच वेळ गेल्यावर रस्ता संपला. पुढे नुसता खडक. मी आयुष्यात एवढा उघडा खडक पाहिला नव्हता. लाल, गुलाबी, मध्येच पांढरे पट्टे, जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत गोलसर उंचवटे, झाड नाही, घर नाही, खांब नाही. त्याला ते स्लिकरॉक म्हणतात, म्हणजे गुळगुळीत खडक, पण नाव फसवं आहे. हात फिरवला तर सँडपेपरसारखा लागतो आणि बूट त्यावर घट्ट बसतो. मी उताराला लागले आणि दहा पावलांत माझी भीती गेली. पाय काय करायचं ते विसरले नव्हते.

पुण्याचा मुलगा माझ्या मागे चालत होता. तिशीचा, बोलका, मला काकू म्हणायचा. "काकू, यार, तुम्ही तर आमच्याआधी पोचाल," तो म्हणाला. मुलीने मागे वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

घळीच्या तोंडाशी आम्ही रबरी सूट चढवले. माझ्या अंगावर जावयाचा होता, बाह्या दुमडलेला. माझी वेणी कमरेच्या खाली जायची. ती मी गुंडाळून सूटच्या कॉलरमध्ये खोचली आणि वर हेल्मेट घातलं. पहिल्या कड्यापाशी लीडरबाई थांबली. इथून परत जाता येतं, ती म्हणाली, पुढे नाही. तिने आम्हा तिघांकडेही पाहिलं. मुलीने फक्त माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन माझी कडी दोराला लावली.

उतार फार मोठा नव्हता. सगळे खाली आल्यावर लीडरबाईने दोराचं एक टोक ओढायला सुरुवात केली. दुसरं टोक कड्यावर चढत गेलं, वरच्या कडीतून निसटलं आणि सगळा दोर सरसरत आमच्या पायाशी वाळूत येऊन पडला. आता खरंच पुढेच जायचं होतं. मला हसू आलं. मुलीने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

आतलं वर्णन मी पुष्कळांना करून सांगितलं आहे, पण कुणाच्या डोळ्यांसमोर ते नीट उभं राहत नाही. भिंती वळणावळणाच्या, जणू ओल्या मातीवरून कुणी बोटं ओढलीत. वर आकाशाची एक निळी चीर. ऊन थेट कुठेच नाही, पण वरच्या भिंतीवर पडलेलं ऊन खाली झिरपून सगळं नारिंगी दिसतं. मग एकदम अंधारं, आणि पायाखाली पाणी. पाणी इतकं गार की पहिल्यांदा छातीपर्यंत गेल्यावर माझा श्वासच अडकला. एक डबकं पोहून जावं लागलं. मी पुढे होते. पलीकडच्या काठावर हात टेकून वर आले आणि मागे वळून मुलीला हात दिला. तिने तो घेतला नाही, स्वतःच आली. चालायचंच.

त्यानंतर अरुंद भाग आला. छाती एका भिंतीला आणि पाठ दुसऱ्या भिंतीला, असं आडवं होऊन सरकायचं. हेल्मेट घासत होतं. एका जागी मी अडकले, श्वास सोडला, पोट आत घेतलं आणि पुन्हा सरकले. माझी वेणी तिथेच कुठेतरी कॉलरमध्ये सैल झाली असणार. मला कळलं नाही, मागच्यांनाही दिसलं नाही. त्या फटीतून सुटल्यावर एका रुंद जागी आम्ही बसून पोळीचे रोल आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मला हुडहुडी भरली होती, हात खरचटले होते आणि मी खूप खूश होते.

पुढचा कडा आतल्या बाजूला खचलेला होता. म्हणजे काठावरून उतरलं की पाय टेकायला भिंत नाही, हवेत लोंबकळत उतरायचं, खाली डबकं. आधी लीडरबाई गेली, मग पुण्याचा मुलगा. मग मी. मुलगी सगळ्यांत शेवटी, वर थांबलेली. तिने माझा हार्नेस दोनदा तपासला.

काठ सोडला तेव्हा सगळं ठीक होतं. अर्ध्यावर आले आणि पाणी किती लांब आहे ते पाहायला मी खाली वाकले. त्याच क्षणी डोकं एकदम खाली खेचलं गेलं. हनुवटी छातीला आपटली, उजव्या कानामागे कुणीतरी चामडी सोलल्यासारखी कळ आली. वाकताना कॉलरमधून निसटून पुढे लोंबलेली वेणी दोराबरोबर कडीत ओढली गेली होती. खाली लीडरबाईच्या ते लगेच लक्षात आलं असणार, कारण दोर ताणला गेला आणि मी होते तिथेच थांबले, हवेत हळूहळू गोल फिरत. मान वर करता येत नव्हती. मला फक्त माझे गुडघे आणि खालचं काळं पाणी दिसत होतं.

वरून मुलगी ओरडली. मग ती आणि लीडरबाई इंग्रजीत भराभर बोलायला लागल्या, एक माझ्या डोक्यावरून, एक पायाखालून. मुलीने एका पट्ट्याचा फास करून वरून सोडला. त्यात पाय घालून उभं राहायचं, म्हणजे कडीवरचा भार हलका होईल आणि केस सोडवता येतील. मी पाय घातला. उजवा पाय ताठ करून वर उठले, एका हाताने वेणी ओढली. ती जराही हलली नाही. दोन वेढे पार आत गेले होते. पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा पाय थरथरायला लागला आणि मी परत केसांवर लोंबकळले. दुखण्याने डोळ्यांतून पाणी आलं. त्यात रडण्याचा भाग नव्हता.

त्या दोघी अजून बोलतच होत्या. ती थकली असेल, तिला जमणार नाही, तिला घाबरवू नका. ती म्हणजे मी. मला सगळं ऐकू येत होतं.

"कात्री पाठव," मी म्हटलं.

औषधांच्या पिशवीत मुलीकडे एक छोटी कात्री आहे हे मला माहीत होतं. आदल्या दिवशी माझ्या टाचेला चिकटपट्टी लावताना तिने ती वापरली होती.

"नाही आई. रोप तिथेच आहे. ताणलेला रोप नुसतं पातं लागलं तरी जातो. मी दुसरं काहीतरी करते. तू हलू नकोस."

"मला माहीत आहे. कात्री पाठव."

हे मी मैदानावरच्या आवाजात म्हटलं. त्या आवाजाला मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या मुली थांबायच्या. घळीत तो आवाज भिंतींवरून कितीतरी वेळ फिरत राहिला.  नंतर बारीक दोरीला बांधलेली कात्री माझ्या खांद्यापाशी येऊन थांबली.

लीडरबाईने खालून दोर धरला होता, म्हणून माझे दोन्ही हात मोकळे होते. मी एका हाताने वेणी मुळापाशी धरली आणि कात्रीचं तोंड माझ्या डोक्याकडे ठेवलं, दोराच्या उलट बाजूला. लागलं तर मला लागू दे, दोराला नको. कात्री बोथट होती, मलमपट्ट्या कापायची. वेणी एकदम कापली जाईना. थोडे थोडे केस वेगळे करून, चावल्यासारखे कापत गेले. बोटं गारठली होती. मला कशाची भीती वाटत असेल तर कात्री हातातून निसटून दोराला लागेल याची. लीडरबाईने खालून एकच वाक्य म्हटलं, की सावकाश कर, मी धरलंय.

शेवटची बट तुटली आणि डोकं एकदम वर आलं. आकाशाची चीर दिसली, आणि काठावर पोटावर झोपलेली मुलगी. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी लीडरबाईला दोर सैल सोडायला सांगितलं. कडीत उरलेले केस घासून जळल्याचा वास आला, झटके खात खात मी खाली आले आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले. पुण्याच्या मुलाने कडीपासून तुटून पाण्यावर तरंगणारी माझी वेणी उचलली आणि तिचं काय करावं ते न सुचून दोन्ही हातांत धरून उभा राहिला. कडीत अडकलेला तुकडा लीडरबाईने सुरीने खरवडून काढला. घळीत कचरा टाकायचा नसतो. मी म्हटलं, कचऱ्याच्या पिशवीत टाका. तो म्हणाला, "काकू, नक्की?" मी म्हटलं, नक्की.

मुलगी खाली आली, कडी काढली आणि सरळ लीडरबाईकडे गेली. त्या जागी डाव्या बाजूची भिंत कललेली होती आणि तिथून चढून वरच्या पठारावर जाता येत होतं. बाहेर पडायची ती शेवटची वाट. पुढे अजून दोन कडे होते, त्यातला शेवटचा सर्वांत उंच. मुलगी तिला म्हणाली, "माय मॉम इज डन."

"आय ॲम नॉट डन," मी म्हटलं.

लीडरबाईने माझी बोटं दाबून पाहिली, मान इकडेतिकडे वळवायला लावली, डोळ्यांत पाहिलं. मग म्हणाली की तिच्या दृष्टीने मी पुढे जाऊ शकते, पण मायलेकींनी आधी ठरवा. आणि ती जाऊन एका दगडावर बसली. पुण्याचा मुलगा आमच्याकडे पाठ करून दोर गुंडाळायला लागला. मराठी कळणारा तोच एक होता आणि आपल्याला कळत नाही असं दाखवायला त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

"काय सिद्ध करायचंय तुला?" मुलीने विचारलं.

"काही नाही. पुढची घळ बघायची आहे."

"तुला काही झालं असतं तर बाबांना मी काय सांगितलं असतं?"

"सांगायचं, तिने ऐकलं नाही. त्यांना पटलं असतं."

ती हसली नाही. हेल्मेट काढून तिने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "आणि मी? मी वरून बघत होते आई. तुझं डोकं तसं वाकडं झालेलं. मला काहीच करता येत नव्हतं."

"तू कात्री पाठवलीस."

ती रडायला लागली. मी जवळ गेले, पण तिला आत्ता मी जवळ नको होते हे दिसत होतं, म्हणून थोडी अलीकडेच थांबले. मी तिला म्हटलं की तुला भीती वाटत असेल तर तू वर जा, मी एका शब्दाने अडवणार नाही, काही म्हणणारही नाही. पण माझ्या वतीने वर जाऊ नकोस. मी थकले तर मी सांगेन. मला तोंड आहे.

 मग तिने हेल्मेट घातलं, पाठपिशवी उचलली आणि घळीत पुढे चालायला लागली.

पुढचा सगळा वेळ ती माझ्याशी बोलली नाही. प्रत्येक कड्यापाशी मात्र येऊन माझा हार्नेस तपासायची, पट्टा गरजेपेक्षा जोरात ओढायची, हेल्मेटखालून डोकावणारी केसांची आखूड टोकं बोटाने आत कोंबायची. मी उभी राहून ते करू द्यायचे. शेवटचा कडा उघड्यावर होता. काठावरून पाय सोडले आणि अंगावर ऊन आलं. खाली वाळूचं कोरडं पात्र, त्यात पिवळी पडलेली झाडं. त्या कड्यावर मी मुद्दाम हळू उतरले. खाली वाकून पाहायला आता काही अडचण नव्हती.

गाडीकडे परत जायची चढण लांब होती. गुडघा सुजला होता आणि मी सगळ्यांत मागे पडले. लीडरबाई माझ्या वेगाने चालत होती आणि त्याबद्दल काही बोलत नव्हती. उंच पायरी आली तिथे पुण्याच्या मुलाने हात पुढे केला, मी धरला. हात धरण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. न विचारता उचलून बाजूला ठेवणं मला चालत नाही, एवढंच.

रविवारी घरी पोचलो. नवऱ्याने नातवाला कडेवर घेऊन दार उघडलं. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं. एका बाजूला कानाच्या वर, दुसऱ्या बाजूला मानेपर्यंत, असा तो अवतार होता.

"कापले की कापावे लागले?" त्याने विचारलं.

"कापावे लागले. मीच कापले."

"मान हलकी वाटत असेल."

"वाटते."

नातू रोज वेणी ओढायचा. त्याने हात घातला, काही सापडेना म्हणून माझा कान धरला. नवऱ्याने सगळी हकिकत ऐकून घेतली, मध्ये फक्त दोन प्रश्न विचारले, आणि दुसऱ्या दिवशी तळ्याभोवतीच्या पायवाटेवर जाऊन प्रत्येकाला सांगून आला.

पुढच्या शनिवारी एका हॉलमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. आसपासच्या गावांतून आपली मंडळी यायची, वंदना व्हायची, मुलं भाषणं करायची, मग जेवण. मी पांढरी साडी नेसले. पार्लरमध्ये जाऊन केस सारखे करून घेतले होते, त्यामुळे ते आणखीच आखूड झाले होते. अमरावतीच्या एका काकूंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, मुंडन करून श्रामणेरी झालात की काय?" मला मनापासून हसू आलं.

हसू आलं नाही ते एका काकांमुळे. चांगला माणूस, तिथे बरीच वर्षं राहिलेला, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. मुलगी जेवणाच्या टेबलामागे उभी राहून खीर वाढत होती आणि मी तिच्या शेजारी पुऱ्यांपाशी होते. काका वाटी घेऊन आले आणि तिला म्हणाले की आईचं वय काय, तुम्ही मुलं तिला कुठे घेऊन जाता, उद्या काही झालं असतं म्हणजे. इथल्या लोकांची फॅडं त्यांना शोभतात. तिने आता नातवंडात रमावं. हे सगळं ते माझ्यापासून दोन हातांवर उभं राहून मुलीला सांगत होते.

आठवडाभर मुलगी माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तिने आता काकांना हो म्हटलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं. तिने त्यांच्या वाटीत खीर वाढली.

"तिलाच विचारा ना काका," ती म्हणाली. "ती इथेच उभी आहे."

काका माझ्याकडे वळले.  शेवटी त्यांनी विचारलं, तिकडे थंडी होती का. मी म्हटलं, होती, पाण्यात फार होती. आणि मग मी त्यांना पहिल्या कड्यापासून सगळं सांगितलं. मागे रांग थांबली. पुऱ्या वाढायला दुसऱ्या कुणालातरी उभं राहावं लागलं. घळ किती रुंद असते ते दाखवायला मी दोन्ही हात छातीपाशी धरले तेव्हा काकांनी वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "मग सरकता कसं?"

मुलीशी माझं नीट बोलणं सुरू झालं ते त्यानंतरही हळूहळू. त्या कड्यावरचं ती विसरली नाही आणि मी तिला विसर म्हटलं नाही.

नागपूरला परतल्यावर मी केस वाढवले नाहीत. जाऊबाईंनी विचारलं, आजारी होतीस का. मी म्हटलं नाही. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही, पण त्याला माझा इलाज नव्हता.

दोन वर्षांनी आम्ही परत शुगर लँडला गेलो. लीडरबाईचा फोन आला की ऑक्टोबरात एक नवी घळ आहे, येतेस का. मुलीने स्पष्ट सांगितलं, "मी येणार नाही आई. मला ते वरून बघणं परत नकोय." मी म्हटलं, ठीक आहे. तिला आग्रह केला नाही आणि तिनेही मला अडवलं नाही. मी एकसष्ट वर्षांची होते आणि आता दोन्ही गुडघे दुखत होते. गेले.